आमच्या घरात त्याला पित्त म्हणायचे

मला डिप्रेशन होतं. एवढं सरळ वाक्य लिहायला मला फार काळ लागला, कारण आमच्या घरात त्याला पित्त म्हणायचे. पित्ताचं बरं असतं. ते कुणालाही होतं, त्यावर गावात प्रत्येकाकडे औषध असतं, आणि पित्त झालेल्या माणसाला कुणी 'मन खंबीर कर' असं सांगत नाही. पोट खंबीर कर म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

मी मालवण तालुक्यातल्या एका खेड्यातला इंग्रजीचा मास्तर. हे लिहितोय ते ज्यांच्या घरात सध्या असं एखादं पित्त चालू आहे त्यांच्यासाठी. गोळ्यांची नावं विचारू नका. मला ती पाठ नाहीत, आणि तुमचा डॉक्टर तुम्हाला वेगळ्या देईल. फक्त त्या मधेच सोडू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बोलण्याच्या नादात राहून जाईल.

बांगड्यावरून इंग्रजी

दहावीला दरवर्षी शब्दांच्या अर्थांतला फरक शिकवावा लागतो. सॅड, अनहॅपी, मिझरेबल, ग्लूमी, मेलन्कली. गाइडात सगळ्यांसमोर एकच अर्थ छापलेला असतो, 'दुःखी'. मग मुलं विचारतात, सर, इंग्रजांना एवढे शब्द लागले कशाला? प्रश्न रास्त आहे. मी त्याचं उत्तर बांगड्यावरून द्यायचो.

मासेवाली दारात आली आणि म्हणाली, बांगडे संपले, तर तुम्ही सॅड. बांगडे मिळाले, पण शेजाऱ्याला सुरमई मिळाल्याचं कळलं, तर अनहॅपी. शेजारी ती सुरमई तळतोय, वास तुमच्या पडवीत येतोय आणि तुमचा सोमवार आहे, तर मिझरेबल. ग्लूमी हा शब्द माणसापेक्षा दिवसाला जास्त शोभतो: पावसात होड्या बंद, आभाळ खाली आलेलं आणि घरात आजही डाळच. आणि पोटभर जेवून पडवीत बसल्यावर आजोळी खाल्लेला बांगडा आठवून उगाच डोळे भरून येतात, ते मेलन्कली. त्यात दुःखापेक्षा चवच जास्त असते.

मुलं खिदळायची आणि लक्षात ठेवायची. डिप्रेस्ड मी अगदी शेवटी घ्यायचो, तेव्हा तास संपत आलेला असायचा. "सॅडच रे, फक्त जास्त आणि खूप दिवस," म्हणायचो आणि डस्टर उचलायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हाच तास चालू होता. मिझरेबलपर्यंत आलो, सोमवार म्हणालो, आणि थांबलो. विसरलो नव्हतो, पुढचं सगळं येत होतं. पण ते सांगायचं कशाला, हेच कळेना. मुलं हसायची वाट बघत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ग्लूमी." मी तिच्याकडे बघत राहिलो. घंटा झाली तरी मी फळ्यापाशी तसाच होतो. शेवटी हेडमास्तर आले आणि म्हणाले, "मास्तर, घराक जावा. बीपी असतला." आमच्याकडे माणूस उभा राहिला की बीपी, बसला की शुगर.

घरी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताट वाढलं. ताटात बांगडा होता. गरम होता. सोमवार नव्हता. कुणाला सुरमई मिळाल्याची बातमी नव्हती. आणि मी त्याच्याकडे ग्रामपंचायतीच्या नोटिशीकडे बघावं तसा बघत बसलो. सॅड माणसाला बांगडा हवा असतो. मला तो नको होता, आणि नको असल्याचंही काही वाटत नव्हतं. म्हणजे डिप्रेस्ड हे सॅडच्या पुढचं स्टेशन नव्हेच. तो रस्ताच निराळा निघाला.

"तुमका बरा नाय काय?" सुनंदानं विचारलं.

"बरा आसा."

"मगे खाणात कित्या नाय?"

मी हात धुतला आणि जाऊन पडलो. मग पुढचे कित्येक दिवस पडूनच होतो. दाढी करायची म्हणजे आधी उठायचं, मग पाणी घ्यायचं, मग आरशात बघायचं. एवढी कामं एका माणसानं करायची?

गालावर हात

गावच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. बीपी उत्तम, शुगर उत्तम, सोनोग्राफी तर बघत राहावी अशी. रिपोर्ट इतके चांगले आले की सुनंदा घाबरली. डॉक्टरांनी आवाज खाली घेऊन कुडाळच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. वाटेत एसटीत सुनंदा एकच वाक्य बोलली, "कोणी इचारल्यार पित्त म्हणान सांगूचा." मी मान हलवली. मला तेव्हा कशालाही मान हलवता यायची.

त्या इमारतीत एकाच बोळात डावीकडे दातांचा दवाखाना आणि उजवीकडे मनाचा. बाहेर बाक मात्र एकच. त्या बाकावरची झाडून सगळी माणसं गालावर हात ठेवून बसलेली. सिंधुदुर्गात एवढे किडके दात आहेत हे मला माहीत नव्हतं. मीही बसलो आणि गालावर हात ठेवला.

बाकाच्या टोकाला आबा गावकर होते. आबा आमच्या गावचे मानकरी. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणजे कुणाचं काही दुखलंखुपलं, अडलं, हरवलं, की त्या माणसातर्फे देवासमोर उभं राहून ते मोठ्यानं सांगायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला पाठिंबा द्यायचा. आबांचा आवाज असा की देवच काय, वरची वाडीसुद्धा ऐकते. ते आबा टॉवेल गालाला लावून बसले होते.

"काय आबानू?"

"दाढ रे. तुझा काय?"

"दाढच."

आबांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्या वेळी तर त्यांची कवळी शर्टाच्या वरच्या खिशातून दिसत होती. मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही नाही. "पुढचे या," अशी हाक आली. तिथला माणूस कुणालाही नावानं हाक मारत नसे. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या लहान.

"उदास वाटतं का, सर?" त्यांनी विचारलं.

झालं! मास्तर जागा झाला. म्हटलं, उदास म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवू. ग्लूमी म्हणत असाल तर नाही, मेलन्कली तर मुळीच नाही, कारण त्याला आठवण लागते. मी बोलत सुटलो आणि त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "शब्दांचं कळलं सर. आता तुम्हाला काय होतं ते सांगा. एखादं उदाहरण द्या."

तीस वर्षं उदाहरणांवर पोट भरलेला माणूस मी. तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. घाई केली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मग आजाराचं नाव सांगितलं, हा बरा होणारा आजार आहे असं सांगितलं, आणि गोळ्या लगेच लागू पडणार नाहीत, धीर धरावा लागेल, हेही सांगितलं. नाव ऐकून मला काहीच वाटलं नाही. तेच तर माझं दुखणं होतं.

पथ्य

सुनंदानं शेजारच्या शालिनीवैनीला 'पित्त' म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मग औषधं आली. आवळ्याची पावडर आली, धन्याचं पाणी आलं, कुठल्याशा झाडाची साल आली. ती घेऊन आलेल्या गृहस्थाला झाडाचं नाव आठवेना, पण "गुण येता" याची खात्री होती. शालिनीवैनीनं तर आमच्या चुलीचा ताबाच घेतला.

"पित्ताक मासे? वीख ता! मुगाची खिचडी घाल गो तेंका. आणि तिखटाचा नाव काढू नको."

आता मासे तळावे तर वास शेजारी जाणार, आणि पित्त खोटं ठरणार. खोटं एकदा बोललं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं. आमच्या खोट्याला खिचडी लागायची. सकाळी खिचडी, रात्री खिचडी. मला चव कळत नव्हती, म्हणून निभावलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जेवता ना, सर?"

"पथ्य आहे."

"कसलं पथ्य? मी तर नाही सांगितलं."

"पित्ताचं."

"तुम्हाला पित्त आहे?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सुनंदाकडे बघितलं. सुनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, पॉझिटिव्ह विचार करा. सकाळी उठून समुद्रावर चाला." पोराचं प्रेम हो, दुसरं काय. पण जो माणूस चप्पल शोधायला उठत नाही तो समुद्रावर काय जाणार? शाळेतून मात्र हेडमास्तरांनी रजा मंजूर केली, आणि 'काय झालंय' हा रकाना स्वतःच्या हातानं भरला: पित्त. आता शासनदरबारीही नोंद झाली.

काजूच्या दिवसांत एक बरं काम मिळालं. बोंडापासून बिया पिळून काढायच्या. त्याला विचार लागत नाही. पाटीपाशी बसून मी बिया काढायचो, सुनंदा समोर बसून काढायची, आणि दोघांची बोटं काळी व्हायची. ती मधूनमधून मला डिवचायची. "मास्तर, तुमची बी हुकली!" "तुमच्यापेक्षा शाळेतली पोरां बरी!" एरवी मी सोडला असता का तिला? आता मी नुसता "हं" म्हणायचो.

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही

मागीलदारी आमची विहीर आहे. एके दिवशी मी तिच्या कठड्याशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. काही ठरवून नाही. पण तो विचार आला होता आणि गेला नव्हता. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण सांगितलं. त्यांनी मला तिथेच बसवलं, सुनंदाला आत बोलावलं, आणि माझ्यासमोर सगळं तिला सांगितलं. गोळी बदलली, रोज फोन करा म्हणाल्या.

तुम्हाला असा विचार आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. चांगले शब्द सापडायची वाट बघू नका. माझे तर फार वाईट शब्द होते, पण काम झालं.

त्या दिवसापासून मी मागीलदारी गेलो की सुनंदा घागर घेऊन माझ्या मागोमाग. आमच्या विहिरीवर पंप आहे, नळ स्वयंपाकघरात आहे, घागर माळ्यावरून काढलेली. तिनं इतकं पाणी काढलं की आमच्या माडांना त्या उन्हाळ्यात शिंपणं लागलं नाही. मी तिच्याकडे बघितलं की मान फिरवायची. ती वाळत चाललीय हे मला दिसत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं. तिनं कुणाकडे मन मोकळं करावं? गावाला ती पित्ताचंच सांगू शकत होती.

गाऱ्हाणं

शेवटी तिनं रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. शिमगा जवळ आला होता, देवळात पन्नासेक माणसं होती. मला अंघोळ घालून, नवा शर्ट घालून देवासमोर उभं केलं. मी उभा राहिलो. नारळ ठेवला. आबा गावकरांनी टॉवेल खांद्यावर टाकला, कवळी नीट बसवली आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू, शाळेचो मास्तर, तुझ्या पायाकडे इलासा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटात जा काय पित्त उसाळलासा, जळजळ म्हण, आंबट ढेकर म्हण, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शालिनीवैनीचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठा. मी आपला ऐकतोय. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात एक स्वतःचा विचार आला: देवानं खरंच ऐकलं तर? नसलेलं पित्त बरं करील आणि असलेलं दुखणं तसंच ठेवील. एवढा मोठा अर्ज, आणि चुकीच्या खात्यात! हे सुनंदाला सांगावं म्हणून मी वळलो, तर ती आधीच पुढे सरकली होती.

"आबानू, थांबा."

गाऱ्हाणं कुणी मधे तोडत नाही. पाऊस आला, साप निघाला, तरी तोडत नाही.

"ह्येंका पित्त नाय," सुनंदा म्हणाली. "मी खोटा सांगलंय."

शालिनीवैनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आबा आता भडकणार. पण आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "मगे देवाक काय सांगू? तूच सांग गो बाय. मी म्हणतंय तुझ्या मागून."

सुनंदानं आधी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सहा शब्द होते, सगळे इंग्रजी, आणि एकही कामाचा नव्हता. मग ती देवाकडे तोंड करून आपल्या घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, सांगायला लागली.

"ह्येंका काय्येक वाटणा नाय. ग्वाड वाटणा नाय, तिखट वाटणा नाय. हसणत नाय, रडणत नाय. मी मुद्दाम खोड काढतंय, वायट बोलतंय, तरी माझ्याशी भांडणत नाय. माझो घोव घरातच आसा, पण माका खंय गावणा नाय. मी रोज सोदतंय. आता माझ्यान होना नाय. देवा, माझो घोव माका परत हाडून दी."

मग आबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या बायचो घोव घरात आसान गावणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा मन खंय अडाकला आसात, डोंगरात म्हण, व्हाळात म्हण, थंयसून तेका हाताक धरून घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि..." आबांचा आवाज इथे जरा चिरकला. "आणि ह्या गावात आणखी कोणाक असा जाला आसात, आणि तो लाजान सांगणा नसात, तर तेकाय हाड रे म्हाराजा!"

पन्नास माणसं एका दमात "व्हय म्हाराजा!" म्हणाली, आणि मी रडायला लागलो. हमसून हमसून, नव्या शर्टाला नाक पुसत. मला सुनंदाचं वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. गाइडात पहिल्याच ओळीत असतं तसं, साधं, सरळ सॅड. इतक्या महिन्यांनी मला काहीतरी वाटलं होतं, आणि ते असं दुखत होतं की बोलायची सोय नाही, आणि मला ते सोडवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना पुढे हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, बदललेली गोळी त्याच सुमाराला लागू पडली असणार. असेल. देवाच्या आणि डॉक्टरच्या श्रेयाच्या वाटणीत मी पडत नाही. दोघांनीही सांगितलंय, गोळ्या चालू ठेव. देवातर्फे आबांनी सांगितलं, आणि त्यांना त्यातलं कळतं. वाईट दिवस अजून येतात. पण आले तर मी घरात मोठ्यानं सांगतो, आणि सुनंदा शेजारी ओरडून सांगते.

त्या दिवशी देवळातून निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. पायऱ्या उतरून सुनंदा रस्त्याला लागली. मग सुरू झाली.

"इतक्या लोकांत रडलात. काय ता!"

"तू इतक्या लोकांत बोललंस ता?"

"मी देवाक बोललंय."

"देवाक? वरच्या वाडीक ऐकाक गेला!"

"मगे तुम्ही सांगूचा होता. एवढा इंग्लिश येता मा तुमका?"

"देवाक येता काय इंग्लिश?" मी म्हणालो. आवाज माझाच होता, आणि चांगला चढलेला होता. "आणि खोटा बोललंस तू, भोगलंय मी. शिमगो इलो, रोज खिचडी! माणूस आसंय काय कोण मी?"

सुनंदा रस्त्याच्या मधोमध थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आणि मी काय सुरमई खायत होतंय? मी पण तीच खाल्लंय! तुमच्या शेजारी बसान! बघितलात कधी माझ्या ताटात?"

नव्हतं बघितलं. इतके महिने माझ्या शेजारच्या ताटात काय होतं ते मला माहीत नव्हतं. तरी मी म्हणालो, "खिचडीत मीठ पण नसायचा."

"मीठ नसायचा? मीठ नसायचा?" ती कडाडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओरडणं थांबत नव्हतं. "आता सांगतास? आज?"

घराकडे वळायची पाणंद आली. मी न वळता सरळ पुढे निघालो, लांबच्या वाटेनं.

"घर हयसर आसा," ती म्हणाली.

"माहीत आसा माका."

ती दोन पावलं मागे राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, भरभर चालत माझ्या बरोबरीला आली, आणि मिठावरून पुन्हा सुरू झाली.